निघाल्या माणसाला

निगडोलीला स्टेशन म्हणायचं ते आपलं म्हणायचं म्हणून. कर्जतहून खोपोलीला जी एकेरी लाइन जाते तिच्यावर मध्येच गाडी दम खायला थांबावी तशी थांबायची, ते निगडोली. पत्र्याची एक शेड. जुन्या लाकडी स्लीपरांचं एक बाक. त्याच्यावर करंजाची सावली, ती पण अर्ध्याच बाकावर. फलाट नाहीच. गाडी आली की बायका लुगडं खोचायच्या आणि जमिनीवरूनच पायरीला हात घालायच्या. म्हाताऱ्या माणसाला आतला वर ओढायचा आणि बाहेरचा खालून ढकलायचा. यात कोणाला काही वाटायचं नाही. रोजचंच.

शेडीत आबाजी बसायचा. तो काही रेल्वेचा पगारी माणूस नव्हता. तिकिटं विकायची, त्यावर जे सुटेल ते घ्यायचं, गाडी आली की हिरवं निशाण दाखवायचं, कंदिलाची काच पुसायची. गावात थोडी भातशेती होती, ती भाऊ बघायचा. आबाजीचा जन्म त्या खिडकीत गेला असं म्हटलं तरी चालेल. पन्नाशी उलटली होती, पाय सुजायचे. लढाई सुरू झाल्यापासून गाड्या कमी झाल्या होत्या, म्हणजे काम कमी आणि बसणं जास्त. बसून बसून माणूस जितका थकतो तितका नांगर धरून थकत नाही. हे आबाजीचंच म्हणणं.

आता त्या खिडकीची गंमत सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे.

खिडकीला लाकडाची जाड फळी होती. त्या फळीवर दोन खळगे पडलेले, एक डाव्या अंगाला, एक उजव्या. उतारूनं पैसे डाव्या खळग्यात ठेवले की कर्जतचं तिकीट, उजव्यात ठेवले की खोपोलीचं. कर्जत डावीकडं, खोपोली उजवीकडं, रूळ गेलेत तसंच. आबाजीकडं दोनच जातीची तिकिटं होती, त्यामुळं भागायचं. पुढं मुंबईला जा नाहीतर पुण्याला जा, ते कर्जतच्या खिडकीत सांगा. निगडोलीत तोंडातून गावाचं नाव काढायचं काम नाही. पैसे टेकवा, तिकीट उचला.

असं का, तर निघाल्या माणसाला 'कुठं चाललास' म्हणून विचारू नये. घरोघरी पाळतात. कोणी चुकून विचारलंच तर निघालेला माणूस कपाळाला आठ्या घालतो, परत येऊन खाली टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग नव्यानं निघतो. आणि तिकिटाच्या खिडकीत बसलेल्या माणसाचं तर कामच ते विचारायचं. आबाजीनं पहिल्या वर्षी विचारलं पण. कर्जतच्या बाबूनं शिकवलं होतं तसं, घसा ताणून, "कुठं?" लोक चिडायचे. अर्धे लोक परत जाऊन बाकावर बसायचे, पाणी प्यायचे आणि गाडी निघून जायची.

मग सहदेवचं झालं. सहदेव म्हणून गावातलाच एक जण, ठाकुरवाडीकडं घाटात रुळांच्या कामाला निघाला होता. आबाजीनं विचारलं, कुठं? घाईत होता, म्हणाला कर्जत, आणि न टेकता, पाणी न पिता गाडीत चढला. दुसऱ्या दिवशी घाटात दरड आली आणि तो तिच्याखाली सापडून गेला. त्याची बायको या खिडकीपाशी आली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "तू इचारलंस." बाकी काही नाही. तेवढंच. "तू इचारलंस."

त्यानंतर आबाजीनं कधी कोणाला विचारलं नाही. खळगे तेव्हापासूनचे.

कर्जतच्या कोर्टात कारकुनी करणारा हेमचंद्र रोज सकाळी यायचा, पांढरं धोतर, काळी टोपी, बगलेत छत्री. त्याचं घराणं कर्जतचंच, पण इकडं शेत आणि सासुरवाडी, म्हणून तो निगडोलीला राहायचा. तो मुद्दाम मोठ्यानं म्हणायचा, "आबाजी, एक कर्जत!"

आबाजी कानावर हात ठेवायचा. "रावसाहेब, ठेवा की तिथं गप."

"अहो, तुम्ही रेल्वेचे. तुम्हीच विचारायचं नाही तर कोणी विचारायचं?"

"तुमच्या कोर्टात इचारतात तेवढं पुरे."

लोक हसायचे. हेमचंद्रही हसायचा आणि पैसे डाव्या खळग्यातच ठेवायचा. त्याला पण बायकामुलं होती.

तर हे सगळं ठीक चाललं होतं, फाल्गुनापर्यंत.

फाल्गुनात एका सकाळी हिरू आला. अंबाबाईचा एकुलता एक. अंबाबाई विधवा, हिरू खोपोलीच्या गिरणीत. रोज उजव्या खळग्यात पैसे टाकणारा पोरगा. त्या दिवशी त्यानं डावीकडं टाकले. आबाजीचा हात खोपोलीच्या तिकिटावर गेला होता तो तसाच राहिला. हिरू दात काढून म्हणाला, "काका, बघताय काय? द्या की."

आबाजीनं दिलं. पाठीवर गाठोडं होतं, नवीन चपला होत्या, हे त्यानं बघितलं. बघितलं आणि दिलं.

हिरू परत आला नाही. महिना झाला. मग मुंबईत गोदीला मोठा जाळ झाला, स्फोट झाले, कितीतरी माणसं गेली, असं कर्जतहून आलेल्या गाडीतले लोक सांगायला लागले. आता हिरू मुंबईला गेला होता का, गोदीत होता का, की नाशिकला कुठं हमाली करत होता, का पलटणीत भरती झाला होता, कोणालाच काही माहीत नव्हतं. माहीत असायला त्याला कोणी विचारलंच नव्हतं. आईला त्यानं 'येतो' म्हणून सांगितलं होतं, रोज सांगायचा तसं.

अंबाबाई खिडकीपाशी आली. आबाजीला वाटलं रडेल, ओरडेल. तिनं नुसतं विचारलं, "तुला काय बोलला?"

"काय नाय."

"तू इचारलं नायस?"

"वहिनी, निघाल्या माणसाला कसं इचारू?"

तिनं मान हलवली. तिला पटलं होतं, हीच तर पंचाईत. ती पण तेच मानणारी. पण जाता जाता म्हणाली, "तू इचारायला पायजे होतंस रं."

म्हणजे बघा. एकीनं म्हटलं तू विचारलंस. दुसरीनं म्हटलं तू विचारलं नाहीस. माणसानं करायचं तरी काय?

त्या दिवसापासून अंबाबाई बाकावर येऊन बसायला लागली. कर्जतहून येणारी प्रत्येक गाडी बघायची. उतरणारे सगळे ओळखीचे, तरी प्रत्येकाचं तोंड बघायची. गाडी गेली की तांब्यातलं पाणी प्यायची आणि पुढच्या गाडीपर्यंत बसायची. आबाजीशी बोलणं थांबवलं होतं असं नाही. "ऊन फार हाय" म्हणायची, "आज गाडीला उशीर" म्हणायची. पण आबाजीला खिडकीतून दुसरं काही दिसायचंच नाही. रूळ, करंज आणि अंबाबाई. संध्याकाळी घरी गेला की भागूबाई, त्याची बायको, गरम पाणी करून द्यायची. तो पाय त्यात घालून बसायचा आणि म्हणायचा, "कटाळा आला." भागूबाई म्हणायची, "कशाचा?" तो म्हणायचा, "नाय माहीत."

वैशाखात, आखितीच्या सणाला, आबाजीची पोरगी पारू माहेरी आली. पारू कडावला दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. ती आली, आईच्या हाताखाली राबली, पापड लाटले, भिंती सारवल्या. रात्री लवकर निजायची. काही बोलायची नाही. भागूबाई नवऱ्याला म्हणाली, "पोरगी वाळलीय." आबाजी म्हणाला, "ऊन हाय." भागूबाई म्हणाली, "तुमी बोला तिच्याशी." आबाजी म्हणाला, "तू आय हायस, तू बोल." दोघं पण बोलले नाहीत. भागूबाईला वाटलं, पोरगी आपल्या तोंडानं सांगेल. आबाजीला वाटलं, आईला सांगितलं असेल. आणि माहेरी आलेल्या लेकीला कधी जाणार, का आलीस असलं विचारायचं नसतं, म्हणजे ते पण दार बंद.

मग पारूचा चुलतसासरा भिवाजी येऊन गेला. घरापर्यंत आला पण नाही, खिडकीपाशीच निरोप दिला. "आबाजी, पारूला धाडा. घरात कार्य हाय. हातभार लागंल."

"धाडतो की," आबाजी म्हणाला. कोणाचं कार्य ते त्यानं विचारलं नाही. पारूला एक धाकटा दीर होता, त्याचं असेल. भिवाजीनं डाव्या खळग्यात पैसे ठेवले, तिकीट उचललं, आणि आबाजीकडं न बघता बाकाच्या टोकाला जाऊन बसला.

पारूनं निरोप ऐकला आणि 'बरं' म्हणाली.

जायच्या दिवशी भागूबाईनं तिची ओटी भरली. दुपारची गाडी कर्जतहून यायची, खोपोलीला जायची, आणि तीच तासाभरात माघारी कर्जतला. पारूनं त्या माघारच्या गाडीत बसायचं, कर्जतला उतरायचं, पुढं कडावला कोणाची बैलगाडी मिळेलच. आबाजी सकाळपासून खिडकीतच होता. पारू आली ती फार लवकर आली. कर्जतहून गाडी यायची होती अजून. अंगावर माहेरचं हिरवं लुगडं, कपाळाला मळवट, आणि डोक्यावर गाठोडं. गाठोडं बाकावर ठेवलं तेव्हा त्यातनं टणकन आवाज आला. आबाजीनं मान वर केली. गाठोड्याच्या गाठीतनं लोखंडी तव्याची कड बाहेर आली होती. आजीचा तवा. घरातला सगळ्यात मोठा, लग्नकार्यालाच खाली काढायचा असा.

आबाजीला वाटलं, सासरी जाणारी पोरगी तवा कशाला नेते? कडावला काय तवे नाहीत? मग वाटलं, कार्य आहे ना, मोठा तवा लागेल. त्यानं तेवढ्यावर सोडून दिलं. तसं सोडून द्यायची त्याला सवय होती.

ऊन मरणाचं होतं. शेडीचा पत्रा तापून कडकड करत होता. अंबाबाई बाकावर, पारू तिच्या शेजारी. दुसऱ्या पाळीचे गिरणीचे लोक जमायला लागले. त्यात सदू होता, तोंडाळ पोरगा. आल्या आल्या सुरू.

"काका, गाडी आज येतीय का आम्ही ढकलत आणू?"

"तू जा ढकलत. लवकर पोचशील."

"मी ढकलली तर तिकिटाचे पैसे माफ ना?"

"तुझेच घेईन. डबल."

हसणं झालं. लांबून पळसदरीच्या अंगाला इंजिनाचा धूर दिसला. लोक खिडकीपुढं उभे राहिले, एकामागं एक. खोपोलीवाले सगळे. आबाजी न बघताच तिकिटं देत होता. उजवीकडं पैसे, तिकीट. उजवीकडं पैसे, तिकीट. हाताला झोप लागल्यासारखं काम चालू होतं.

मग एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा. पैसे उजव्या खळग्यात ठेवले.

आबाजीनं वर बघितलं. पारू.

"पारू, तुझी गाडी ही नव्हं. माघारी येईल ती."

पारूनं पैसे उचलले नाहीत. तिथंच ठेवले, बोटानं थोडे आत सरकवले. खोपोलीकडच्या खळग्यात.

आबाजीचा हात तिकिटावर होता. खोपोलीला पारूचं कोण? कोणी नाही. मावशी नाही, आत्या नाही, सई नाही. तिथं आहे काय तर गिरण्या, बाजार, आणि ते मोठं तळं. तळं आठवलं आणि त्यानं पुन्हा तिच्या तोंडाकडं बघितलं. लेकीनं ओटी भरून घेतलेली, आईच्या पाया पडलेली, आणि तोंडावर काहीच नाही. रडू नाही, राग नाही. हिरूच्या तोंडावर निदान हसू तरी होतं.

मागनं सदू ओरडला, "काका, निजलात का? गाडी आली!"

इंजिनानं शिट्टी दिली. पुलाच्या अलीकडं आलं होतं. आबाजीला उठून निशाण दाखवायचं होतं. पारू त्याच्याकडं बघत होती, आणि पारूच्या खांद्यावरनं बाकावरची अंबाबाई बघत होती. अंबाबाईनं तांब्या खाली ठेवला होता.

तिकीट द्यायचं की नाही एवढंच. दिलं तर ती जाते. नाही दिलं तर बिनतिकिटाची पण चढेल, कोण अडवणार. आणि विचारलं तर? सहदेवची बायको अजून गावात होती. अजून समोरून आली की वाट बदलायची.

आबाजीनं घसा खाकरला. आवाज एकदम मोठ्यानंच आला, शेडीबाहेर ऐकू गेला.

"पारू, कुठं चाललीस?"

सदूचं तोंड उघडंच राहिलं. "आरारा... काका, काय इचारलंत?" कोणीतरी मागं पुटपुटलं, "आपल्याच पोरीला." एकानं तर आपले पैसे खळग्यातनं उचलून घेतले.

पारूच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हललं. राग आला नाही तिला. उलट, डोक्यावरचं ओझं कोणी हात लावून खाली घेतलं की माणूस जसा मान मोकळी करतो, तशी तिनं मान वळवली.

"बा," ती हळू म्हणाली, "तू इचारलंस?"

"इचारलं. आता टेक. पानी पी."

तेच तर करायचं असतं. पारू माघारी फिरली आणि बाकावर बसली. अंबाबाईनं तांब्या तिच्या हातात दिला. पारूनं वरनं धार धरली आणि प्यायली. बराच वेळ प्यायली.

गाडी आली. आबाजीनं निशाण दाखवलं, राहिलेल्यांना तिकिटं दिली. एकाला चुकून कर्जतचं दिलं, ते बदललं. सदू चढता चढता पायरीवरनं पारूकडं बघून म्हणाला, "पारूताय, मी सांगतो तिला, तू सांजच्याला येशील म्हणून," आणि आत गेला. कोणाला सांगणार, आबाजीला कळेना. गाडी खोपोलीकडं गेली. पारू बाकावरच होती. रुळांवरची थरथर पण थांबली, मग फक्त पत्र्याची कडकड.

आबाजी शेडीतनं बाहेर आला आणि बाकापुढं जमिनीवर बसला. पाय लांब केले. अंबाबाई उठायला लागली तशी पारू म्हणाली, "बस काकी. तू काय परकी हायस?"

"हां, सांग आता," आबाजी म्हणाला.

"काय सांगू? इचार तू. आता इचारतोच हायस तर इचार."

आबाजीला हसू आलं नाही पण यायला हवं होतं. "कोणाचं कार्य हाय कडावला?"

"तुझ्या जावयाचं."

आबाजीनं लांब केलेले पाय जवळ घेतले.

"दुसरी आणतात. वाकसची पोरगी हाय. मला म्हणाले, आखितीला जाऊन ये, मग ये हळद दळायला. घर सारवायचं, भाकऱ्या बडवायच्या, मांडवाला पानी घालायचं. सासू म्हणाली, तुला काय कोण हाकलतंय? तू पण राहा, ती पण राहील." पारू बोलताना तव्याच्या कडेवरनं बोट फिरवत होती. "मी राह्यले पण असते, बा. खोटं नाय बोलत. पण हळद माझ्याच हातानं दळायची म्हणाले."

"भिवाजीनं मला सांगितलं नाय," आबाजी म्हणाला.

"तू इचारलंस?"

बायकापोरींनी दोन शब्दांत माणसाला गप्प करावं, असं त्याच्या नशिबातच होतं.

"आयेला तरी बोलायचंस."

"आय म्हणाली, वाळलीस. मी म्हटलं, ऊन हाय. ती म्हणाली, हां, ऊन हाय." पारूनं नाक शिंकरलं. "चार दिस मी वाट बघत व्हते, कोणीतरी इचारील. मी आपल्या तोंडानं कसं सांगू, की मला टाकली?"

अंबाबाईनं पदर तोंडाला लावला. हिरू पण असाच वाट बघत राहिला असेल का, असं तिच्या मनात आलं असणार. आबाजीच्या तर आलंच.

"मग खोपोलीला काय?" त्यानं विचारलं. तळ्याचं नाव काढायचा धीर झाला नाही.

"तिथं शिळफाट्याला चंद्राबाई म्हणून हाय. गिरणीच्या मान्सांना जेवन घालते. खानावळ. सदूची बायको सांगत व्हती, तिला भाकऱ्या बडवायला बाई पायजे, आनि तवा आपला आना म्हणते."

आबाजीनं तव्याकडं बघितलं. मग त्याचे डोळे भरले. इतकं साधं होतं. भाकऱ्या बडवायला चालली होती पोरगी. आणि तो तिकिटावर हात ठेवून तिचं मरण बघत होता.

पण आबाजी काही लगेच 'जा बाई सुखानं' म्हणाला असं नाही. मी खोटं सांगणार नाही. त्याला पहिली आठवण झाली ती गावाची. मग भिवाजीची. मग भाऊ काय म्हणेल त्याची. गिरणीच्या माणसांच्या खानावळीत आपली पोरगी, परक्या पुरुषांच्या ताटात वाढणार. तो म्हणाला, "घरी चल."

"चलते. मग उद्या भिवाजी पुन्ना येईल. तू म्हणशील का त्याला, नाय धाडत?"

आबाजीनं जमिनीवरचा एक खडा उचलून लांब टाकला.

"म्हणशील का, बा?"

तो रुळांकडं बघत राहिला. त्याला स्वतःची खात्री नव्हती. भिवाजी चार माणसं घेऊन आला, मान वाकवली, गोड बोलला, की आपण 'बरं' म्हणू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आयुष्यभर तेच केलं होतं. समोरच्यानं पैसे ठेवायचे, आपण तिकीट द्यायचं.

"नाय ना?" पारू म्हणाली. तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती. "म्हणून मी तुला काय सांगितलंच नाय."

ऊन थोडं सरकलं, करंजाची सावली अख्ख्या बाकावर आली. हेमचंद्र आला छत्री उघडून, आज सकाळची गाडी चुकली होती, त्याला माघारच्या गाडीनं कर्जतला जायचं होतं. तिघांकडं बघून तो काहीतरी चेष्टा करणार होता, पण केली नाही. गुपचूप डाव्या खळग्यात पैसे ठेवून उभा राहिला. आबाजी उठून आत गेला, त्याला तिकीट दिलं.

खोपोलीहून शिट्टी ऐकू आली.

ही पारूची गाडी. घरच्यांच्या हिशेबानं, सासरच्यांच्या हिशेबानं, सगळ्या जगाच्या हिशेबानं. आबाजी निशाण घेऊन रुळांशेजारी उभा राहिला. गाडी थांबली. हेमचंद्र चढला. चढून दारातच उभा राहिला आणि पारूकडं वळून म्हणाला, "ये गं, हात दे." त्याला काय माहीत.

पारू आबाजीकडं बघत होती. उठली नव्हती, पण लुगड्याचा काठ मुठीत धरला होता, म्हणजे बापानं 'ऊठ' म्हटलं असतं तर उठली असती. तिनं एवढं ठरवलं होतं, तवा बांधला होता, तरी उठली असती. आबाजीला ते दिसलं. आपल्या एका शब्दाचं एवढं वजन असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं, आणि ते त्याला अजिबात नको होतं.

गार्ड डब्यातनं वाकून ओरडला, "आबाजी, कोणी आहे का अजून?"

आबाजीनं एकदा लेकीकडं बघितलं. मग हात वर केला आणि निशाण हलवलं.

"कोण नाय! जाऊ द्या!"

गाडी गेली. हेमचंद्र दारातनं मागं बघत राहिला, वळणावर दिसेनासा होईपर्यंत.

मग आबाजीनं फडक्यातली भाकरी सोडली, तिघांनी कांद्याबरोबर खाल्ली. अंबाबाई म्हणाली, "तवा चांगला हाय. जुना बिडाचा." पारू म्हणाली, "आजीचा." अंबाबाई म्हणाली, "तिच्या भाकऱ्या मी खाल्ल्यात." एवढंच. पारूला थोडा डोळा लागला, गाठोड्यावर डोकं ठेवून. आबाजीनं शेडीतली घोंगडी आणून तिच्या पायांवर टाकली, आणि मग उकाड्याचं लक्षात येऊन काढून घेतली.

संध्याकाळची गाडी यायच्या वेळेला त्यानं कंदील पेटवला, बाहेर टांगला. आणि खिडकीच्या आत जाऊन बसायच्या ऐवजी खिडकीची फळी लावली. कुलूप घातलं. रात्रपाळीचे लोक आले होते ते बघतच राहिले.

"काका, तिकीट?"

"आज खोपोलीला उतरून काढा. गार्डला मी सांगतो."

"आनि तुमी?"

आबाजीनं गाठोडं उचलून खांद्यावर घेतलं. तवा पाठीला लागला. इतकी वर्षं त्यानं या गाडीला निशाण दाखवलं, पण तो स्वतः तिच्यात कधी बसला नव्हता. सुरुवातीला कर्जतला काम शिकायला गेला होता तो पण चालतच. बसायचं कारणच पडलं नाही. त्याला मनातून थोडी भीती वाटत होती. चढायचं जमेल का, पाय उचलेल का.

गाडी आली. गार्डनं हसून विचारलं, "अरे, आज तू?" पारू चढली, तिनं वरनं हात दिला. आबाजीनं एक पाय पायरीवर ठेवला. दुसरा अजून जमिनीवरच. सुजलेला, जड.

तेवढ्यात मागनं हाक आली. अंबाबाई. बाकावरनं उठून रुळांपर्यंत आली होती, तांब्या हातात तसाच.

"आबाजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "कुठं चाललास रं?"

दारातले दोघं-तिघं दचकले. एक जण म्हणाला, "अहो काकी, निघताना..." पण ती त्याच्याकडं बघत नव्हती.

आता रीतीप्रमाणं आबाजीनं उतरायला पाहिजे होतं. बाकावर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं. गाडी तोवर कुठली थांबते. त्यानं अंबाबाईकडं बघितलं. तिनं रागानं विचारलं नव्हतं, सूड म्हणून पण नाही. ती उत्तराची वाट बघत उभी होती. इतके दिवस जशी बसली होती तशी.

"शिळफाट्याला," आबाजी म्हणाला. "चंद्राबाईच्या खानावळीत. पारूला पोचवायला चाललोय. ती तिथं भाकऱ्या करनार हाय. सकाळच्या गाडीनं मी येतो." मग थांबून म्हणाला, "भागूला सांग वहिनी. सगळं सांग. आनि भिवाजी आला तर त्याला पन सांग, मी नाय धाडली म्हणून."

गाडीनं हिसका दिला. पारूनं बापाच्या दंडाला धरून वर ओढलं. कोणीतरी खालनं ढकललं, नेहमीसारखं.

अंबाबाईनं मान हलवली. "बरं," ती म्हणाली, आणि गाडी चालायला लागली तशी दोन पावलं गाडीबरोबर चालली. "कोणी इचारलं तर सांगते मी."